पाडव्याची ओवाळणी आणि मागचं चाक

आमच्या यांना फटफटी चालवता येत होती, टायर चढवता येत नव्हता. हे मी त्यांच्या तोंडावर पुष्कळदा म्हटलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. चालवण्यात त्यांना तोड नव्हती, तेही आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल बायकोने एकच बाजू सांगितली. शेताच्या बांधावरून, खाजणाच्या चिखलातून, गोरेगावच्या रानातल्या बैलगाडीच्या चाकोरीतून ती दांडगी फटफटी हे अशी काढायचे की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पण वाटेत काटा लागला की आमचा अभिमन्यू व्हायचा. टायर काढायची विद्या होती, परत चढवायची नव्हती.

पन्नास सालानंतरची गोष्ट. अंधेरीला पूर्वेच्या बाजूला आमचं बैठं घर होतं, पुढे अंगण. घरात आम्ही तिघं, हे, सासूबाई आणि मी. हे सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. फटफटी लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेली, शेवाळी रंगाची, आणि ती माझ्या लग्नाच्या आधीपासून घरात होती. लोक म्हणायचे, ही तुझी सवत. मी म्हणायची, सवत परवडली, ही माझी थोरली जाऊ आहे. आधी आलेली, कामाला हात न लावणारी आणि सगळ्यांनी जिचं करत बसायचं अशी.

शनिवारी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर अंगणात गोणपाट पसरायचं, त्यावर पाने, पंप, ठिगळं, सोल्युशनची नळी, टायर उचकटायच्या दोन लोखंडी पट्ट्या असा संसार मांडायचा. ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून आत पांढरी पूड टाकावी लागते. ती पूड म्हणजे माझ्या तोंडाला लावायच्या पावडरचा डबा. एकदा पट्टी सापडली नाही तर माझं उलथनं नेलं, आणि ते असं वाकवून आणलं की पुढे त्याने पोळी उलटायची तर मला ओट्यापाशी तिरकं उभं राहावं लागे. एवढं करून टायर चढायचा, हे कपाळाचा घाम पुसायचे, पंप मारायला लागायचे, आणि आतून फुस्स. चढवताना पट्टीच्या टोकाखाली ट्यूब चिमटलेली असायची. एक भोक बुजवायला बसावं आणि दुसरं पाडून उठावं, असा सगळा प्रकार.

कचेरीतल्या पाच-सहा जणांकडे अशाच लिलावातल्या गाड्या होत्या. त्यांचे म्होरके म्हणजे एक लष्करातून आलेले गृहस्थ. सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे, मीही तेच म्हणते. रविवार उजाडला की ही पलटण रानोमाळ निघायची, आणि थंडीत एकदा मढची स्वारी असायची. अंधेरीहून निघायचं, डांबरी रस्ता शक्यतो टाळायचा, गोरेगावच्या टेकड्यांतून मालाडला उतरायचं, मिठागरांच्या बांधावरून मार्व्याकडे जायचं आणि मग समुद्राच्या कडेकडेने मढ. तिथे यांच्याच कचेरीतल्या एका ख्रिस्ती सोबत्याचं घर होतं. सूर्य पाण्याला टेकायच्या आत त्याच्या अंगणात पोचायचं. बक्षीस वगैरे काही नाही. नियम मात्र सुभेदारांचा होता आणि कडक होता. गाडी चालवणाऱ्याने आपलं पंक्चर आपण काढायचं, दुसऱ्या कोणाचा हात लागला की तो माणूस पोचलेल्यांत धरला जाणार नाही.

हे तीन वर्षं गेले आणि तिन्ही वर्षं पोचले नाहीत. पहिल्या वर्षी फटफटी बैलगाडीत घालून आणली. दुसऱ्या वर्षी मिठाच्या लॉरीतून आली, तेव्हा दोघांच्याही अंगावर मीठ होतं. तिसऱ्या वर्षी काय झालं ते यांनी सांगितलं नाही आणि सासूबाईंनी मला विचारू दिलं नाही.

माझं माहेर मुलुंडला. वडिलांना गुडघ्यांमुळे घराबाहेर पडवत नव्हतं, आणि रविवारी ते दाराकडे डोळे लावून बसतात असं भाऊ येऊन सांगून जायचा. मुलुंड म्हणजे काही विलायत नव्हे. पण आमचा रविवार त्या जाऊबाईंच्या मालकीचा. मी म्हटलं की चला, की हे म्हणायचे, पुढच्या रविवारी नक्की. माझ्या मनात ते साचत गेलं, आणि मी काही गाईच्या स्वभावाची नाही.

तर त्या दिवाळीत पाडव्याला मी यांना ओवाळायला बसले. हे पाटावर, नवा सदरा, कपाळाला कुंकू, एकदम राजा दशरथाच्या थाटात म्हणाले, माग काय मागायचं ते. आता राजाने असं म्हटल्यावर घरात कैकेयी तयार असायचीच. मी निरांजन तसंच धरून म्हटलं, "ही फटफटी विका."

यांचा चेहरा पडला. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की काय ते देव जाणे. ओवाळणीला नाही म्हणता येत नाही, ताटातली वात जळत असताना तर नाहीच. मग हे घासाघीस करायला लागले. शेवटी ठरलं ते असं: यंदा मढला पोचले नाहीत तर फटफटी विकायची आणि सगळे रविवार माझे. पोचले तर मी हा विषय जन्मात काढायचा नाही. मी आनंदाने कबूल केलं. यांचा टायर मला ठाऊक होता ना.

आणि टायरचं दुखणं काय आहे तेही मला ठाऊक होतं. एकदा शनिवारी बघता बघता मी यांना म्हटलंही होतं, की अहो, ही तर करंजी आहे. ट्यूब म्हणजे सारण आणि टायर म्हणजे पारी. मुरड घालताना सारण कडेत चिमटलं की करंजी तळणीत फुटते, तसं तुमचं होतंय. तुम्ही मोठा मोठा घास घेता, बारीक बारीक मुरड घाला. यांनी ते हसण्यावारी नेलं. वर कचेरीत जाऊन सगळ्यांना सांगितलं, आणि महिनाभर ते लोक आमच्या दाराशी येऊन करंज्या झाल्या का म्हणून विचारत होते. मग मी तोंडाला कुलूप लावलं. करा म्हटलं तुमचं तुम्ही.

स्वारीच्या दिवशी मी म्हटलं, मीही येणार, मागे बसून. यांच्यावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण संध्याकाळी येऊन कोणी म्हणालं पोचलो, तर साक्षीला काय फटफटी बोलणार होती? मला वाटलं सासूबाई आकांत करतील. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, गोल साडीत एका बाजूला बसशील आणि पहिल्या खड्ड्यात पडशील, माझं लुगडं नेस, काष्टा घातला की दोन्हीकडे पाय टाकता येतील. त्यांनीच नेसवलं, आणि काष्टा असा आवळून खोचला की दिवसभर मला खाली वाकताना त्यांची आठवण येत होती.

निघालो. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. टेकडीच्या उतारावर मी डोळे मिटून घ्यायची आणि खाली आलो की वाटायचं, परत वर जाऊ या. यांचा पट्टा मी दोन्ही हातांनी धरला होता. घरात ज्यांना पाण्याचा तांब्या दोनदा सांगितल्याशिवाय सापडत नाही, ते हे, समोर दगड दिसायच्या आधी त्याला वळसा घालत होते. मालाडच्या पुढे मिठागरं लागली. दोन्हीकडे पाण्याचे चौकोन, मधे मिठाचे ढीग, आणि बांध एवढा अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने उतरावं. त्या बांधावर आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. मी मनात म्हटलं, गेली माझी ओवाळणी.

आणि मागचं चाक शेपटी हलवायला लागलं. कोणीतरी बांधाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं, त्यातला एक काटा वाऱ्याने वाटेत आलेला. बोटाएवढा लांब होता.

हे उतरले, मिठाच्या एका ढिगापाशी बांध जरा रुंद होता तिथे गाडी बाजूला घेतली, चाक काढलं. इथवर झकास. काटा उपटला, भोक शोधलं, ठिगळ लावलं. तेवढ्यात मागचे सगळे आले, गाडी जरा हळू करून बघून गेले. हात लावायची सोय नव्हतीच. त्यांतला एक जाता जाता मला म्हणाला, वहिनी, करंजी झाली की कळवा. यांनी टायर चढवला, पंप मारला. फुस्स. मग जवळची दुसरी ट्यूब घातली. मी बघत होते, पट्टी पुन्हा खोल घुसवली, पुन्हा टायरची हातभर कड एकदम ओढली, कपाळावर शीर उभी. पंप मारला. पुन्हा फुस्स.

मी मिठाच्या ढिगाला टेकून उभी होते. माझं काम आपोआप होत होतं, मला बोटसुद्धा उचलायला नको होतं. मुलुंडचे सगळे रविवार समोर दिसत होते. हे तिथेच बांधावर मातीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकले आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "जिंकलीस. चल, मालाडपर्यंत ढकलत नेऊ."

चिडले असते, त्या बाभळीला, टायरला, मला चार शब्द बोलले असते, तर मी खुशाल ढकलत गेले असते. पण ते हसले, आणि ते खरं हसू होतं, त्यात खोट नव्हती. हातांची बोटं सोलून लाल झाली होती. मला फार वाईट वाटलं. मला जिंकायचं होतं, पण असं नव्हतं जिंकायचं. तीन वर्षं हा माणूस एकाच गोष्टीत नापास होत होता, ती गोष्ट मला येत होती, आणि मी मिठाला टेकून उभी होते.

मी काष्टा आणखी वर खोचला आणि म्हटलं, उठा, द्या त्या पट्ट्या इकडे. हे म्हणाले, नियम आहे. मी म्हटलं, नियम माणसांना आहे, मी तुमच्या गाडीवरचं ओझं आहे, ओझ्याला कसला नियम? शिवाय इथे बगळ्यांखेरीज बघतंय कोण? यांनी पट्ट्या माझ्यापुढे ठेवल्या. एक ठिगळ उरलं होतं, ते यांनीच नीट घासूनपुसून लावलं. ठिगळ लावण्यात यांचा हात चांगला होता, उगाच नाव का ठेवा.

मग मी बसले. आधी ट्यूबमध्ये दोन-चार पंप हवा भरायला लावली, अगदी थोडी, गोल उभी राहण्यापुरती. लोळागोळा ट्यूबच कडेखाली सापडते. सारण फार नको आणि अगदी कमीही नको. मग ती आत सारली, हवा भरायचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून बाहेर काढला. हे नेहमी कड चढवायला व्हॉल्व्हपासून सुरुवात करायचे, म्हणून शेवटचा घट्ट घास समोरच्या बाजूला यायचा, आणि व्हॉल्व्हपाशी कड रिमच्या खोलात उतरत नसल्याने तिथे ओढाताण व्हायची. मी उलट केलं. व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात केली, चढलेली कड गुडघ्याने दाबून रिमच्या खोलगट भागात बसवली आणि दोन्ही हातांनी पुढे पुढे आले. पट्टी लागली ती शेवटी, आणि तीही बारीक बारीक घासाने. दर घासाला बोट घालून बघत होते, ट्यूब खाली आहे का. शेवटची मुरड व्हॉल्व्हपाशी आली, टक्कन आवाज झाला आणि कड आत बसली.

यांनी पंप मारला. आम्ही दोघंही कान लावून बसलो. आवाज आला नाही. हे आणखी पंप मारत राहिले, चाक दगडासारखं झालं तरी मारत होते. मी म्हटलं, पुरे, आता हाताने फोडाल.

त्यानंतर यांनी गाडी जी हाणली, ती मी पुढे कधी पाहिली नाही. मार्वे मागे पडलं, ओहोटीच्या ओल्या वाळूवरून गेलो, माझ्या तोंडात वाळू, लुगड्यावर चिखल, आणि मी मागून यांना ओरडून सांगत होते, सूर्य टेकतोय, सूर्य टेकतोय. मीच, जिने गाडी विकायला सांगितली होती तीच. मढला त्या सोबत्याच्या अंगणात शिरलो तेव्हा सूर्याची खालची कड पाण्यापासून वीतभर वर होती. बाकीचे सगळे हातपाय धुऊन शहाळी पीत बसले होते. ते उठून उभे राहिले. टाळ्या वाजवल्या, एकाने यांची पाठ थोपटली. यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं, की मी म्हटलं, जाऊ दे ते मुलुंड.

सुभेदार शांतपणे आले. त्यांची सवय होती, आलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकावरून हात फिरवून बघायचे. मागच्या चाकाशी उकिडवे बसले, रिमलगत बोट फिरवत पूर्ण फेरी केली. कड सगळीकडे सारखी बसली होती, कुठे वर नाही, कुठे खाली नाही. म्हणाले, "वा. तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ चढलाय. कसा चढवलास?"

यांनी नुसतं हसायचं होतं. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मी मागून यांचा सदरा ओढला. यांनी धुळीसाठी लावलेला डोळ्यांवरचा चष्मा काढला, तोंडावर त्याच्या कडेचा काळा गोल उमटलेला, आणि म्हणाले, "मी नाही चढवला." आणि मग त्यांनी माझं नाव घेतलं.

लग्नाला चार वर्षं झाली होती. घरात मी 'अगं' होते. चारचौघांत 'ही' होते, कचेरीतल्या लोकांपुढे 'आमची मंडळी'. बायकोला नावाने हाक मारायची पद्धत यांच्या घरात नव्हती आणि माझ्याही नव्हती, त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. त्या दिवशी त्या माणसांपुढे त्यांनी माझं नाव घेतलं, मागे आपलं नाव, मग आडनाव, शाळेच्या हजेरीत घेतात तसं पुरतं आणि मोठ्याने. म्हणाले, माझ्या दोन ट्यूबा फुटल्या, तिची एक फुटली नाही.

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, बायकोच्या जिवावर मढची स्वारी. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि यांना म्हणाले, मग तुला धरता येणार नाही. हे म्हणाले, नका धरू.

परत जाताना आम्ही वेसाव्याच्या होडीत बसलो. फटफटी आडवी घालून दोराने बांधली होती. मी रडत होते. हे म्हणाले, तुझ्या मनासारखं झालं, आता का रडतेस? म्हटलं, कशाला बोललात? गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? हे खाडीच्या पाण्याकडे बघत म्हणाले, "पोचायचं होतं गं मला. पण तुला झाकून नव्हतं पोचायचं."

होडी वेसाव्याच्या बाजूला टेकली. मी डोळे पुसले. म्हटलं, उद्यापासून गिऱ्हाईक वगैरे बघू नका. ओवाळणी माझी आहे, घ्यायची की सोडायची ते मी ठरवणार, आणि मी सोडली. एक रविवार तुमचा, एक माझा. माझ्या रविवारी मुलुंडला जायचं, फटफटीवरूनच, पवईच्या कच्च्या रस्त्याने. वाटेत काटा लागला तर तुम्ही नुसता पंप मारायचा. हे बरं म्हणाले. घासाघीस केली नाही.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जसंच्या तसं. हे मोरीत आंघोळीला गेले आणि रोजच्यासारखी हाक आली, अगं, पंचा राहिला. मी चहा गाळत होते. ऐकू आलं, पण ओ दिली नाही. पुन्हा आली, अगं, ऐकलंस का. मी गाळणं झटकलं, कपबश्या मांडल्या. सासूबाई देवापुढे माळ ओढत होत्या, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मोरीत नुसतं पाणी ठिबकत होतं.

शेवटी हळूच, चोरासारखं, माझं नाव आलं.

सासूबाईंची माळ थांबली. म्हणाल्या, "जा की. तुलाच बोलावतोय. या घरात त्या नावाचं दुसरं कोण आहे?"

मी दांडीवरचा पंचा घेतला आणि गेले.